वर्डच्या कोटेशनमध्ये एक्सेलचे दर आणि ऑटोकॅडची ड्रॉइंग जोडायची आहे, चारही मशीनवर सारखं चालायला हवं

पत्राकाम_वागळे

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमधला गाळा, काम सीआरसीए (थंड रोल केलेल्या) पत्र्याची कंट्रोल पॅनल आणि एन्क्लोजर बनवण्याचं. कोटेशन वर्डमध्ये तयार होतं, दरांचा हिशोब एक्सेलमध्ये आणि ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये. आजवर तिन्हीकडून कॉपी-पेस्ट व्हायचं. पत्र्याचा भाव बदलला की एक्सेल बदलायचं, वर्डमधला आकडा तसाच राहायचा. म्हणून एक्सेलचा तक्ता आणि ड्रॉइंग थेट वर्डच्या आतच आणायचं ठरवलं. थोडं जमलं, पण पुढच्या अडचणी आहेत:

कोटेशन ११ पानांचं, फाइल ३८ एमबीची. पार्टीच्या मेलमध्ये जात नाही.

दरांचा तक्ता ५४ ओळींचा. पानाच्या शेवटी पोचला की खालचा भाग कापला जातो, पुढच्या पानावर जात नाही.

मशीन चार. दोनवर ऑफिस २०१६, दोनवर २०२१. शेअर फोल्डर तीन मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं, चौथ्यावर वाय म्हणून. त्या चौथ्यावर आकडे अपडेट होत नाहीत. शिवाय एक लॅपटॉप महापे-तळोज्याच्या साइटवर फिरतो, तिथे शेअर फोल्डर नसतंच.

मधूनच 'दुसऱ्या प्रोग्रॅमचं ओएलई काम पूर्ण होण्याची वाट बघतोय' अशा अर्थाची एक्सेलची चौकट येते (ओएलई म्हणजे एका प्रोग्रॅमची वस्तू दुसऱ्यात घालण्याची विंडोजची सोय) आणि सगळं अडकून बसतं.

शुक्रवारी गाळा बंद असतो, त्या दिवशी सगळी मांडणी नव्याने करता येईल. सुरुवात कुठून करावी?

---

ऐरोली_तक्ते

दादा, सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा, कारण ती आकार किंवा कापलेल्या ओळींपेक्षा फार गंभीर आहे. तुमची फाइल ३८ एमबीची आहे म्हणजे एक्सेलचे निदान काही तक्ते वर्डला 'जोडलेले' नाहीत, आत 'भरलेले' आहेत, असं जवळजवळ नक्की धरा. एक्सेलच्या फक्त २० ओळी निवडून ऑब्जेक्ट म्हणून पेस्ट केल्या तरी वर्डच्या पोटात त्या २० ओळी जात नाहीत, अख्खं वर्कबुक जातं, सगळ्या शीटसकट. पार्टीने त्या तक्त्यावर डबल क्लिक केलं की खालच्या पट्टीत बाकीच्या शीट दिसतात. त्यात तुमचा खरेदीचा भाव, मार्जिन, दुसऱ्या पार्टीला दिलेले दर असतील तर तेही उघडे पडतात. शीट लपवून ठेवली तरी उपयोग नाही, उजवं बटण दाबून अनहाइड करता येते.

खात्री करायला वर्ड फाइलची एक प्रत काढा. तिच्या नावाच्या शेवटचं डॉक्सएक्स खोडून झिप करा आणि उघडा. आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात एम्बेडिंग्ज नावाचं. जितक्या वेळा तक्ता पेस्ट केला असेल तितकी एक्सेलची अख्खी वर्कबुकं तिथे रांगेत दिसतील. सहा ठिकाणी पेस्ट केलं असेल तर सहा. तुमचे ३८ एमबी कुठे गेले ते तिथेच कळेल. ज्या पार्ट्यांना आधीच वर्ड फाइल गेली आहे त्यांची यादीही करून ठेवा.

आता मांडणी. एक्सेलमधून कॉपी करून वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबलं की पेस्ट स्पेशलची चौकट येते. डावीकडे पेस्ट आणि पेस्ट लिंक असे दोन पर्याय. पेस्ट लिंक घ्या. मग यादीतून काय निवडायचं यावर सगळं अवलंबून आहे.

'एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट' निवडलं तर वर्ड त्या तक्त्याकडे चित्र म्हणून बघतं. चित्राचे दोन तुकडे होऊन दोन पानांवर जात नाहीत, म्हणून तुमचा ५४ ओळींचा तक्ता कापला जातोय. छोट्या, १०-१५ ओळींच्या सारांशासाठी हे चालेल, मोठ्या यादीसाठी नाही.

'फॉरमॅटेड टेक्स्ट' किंवा 'एचटीएमएल फॉरमॅट' निवडलं तर तो वर्डचाच तक्ता होतो, पण आकडे एक्सेलशी जोडलेले राहतात. हा पानं ओलांडतो. पहिली ओळ निवडून टेबलच्या लेआउटमध्ये 'रिपीट हेडर रोज' लावलं की प्रत्येक पानावर शीर्षक येतं. मोठ्या यादीला हाच प्रकार घ्या. अपडेट झाल्यावर कॉलमची रुंदी बिघडत असेल तर फाइल, इन्फो, 'एडिट लिंक्स टू फाइल्स' मध्ये जाऊन त्या लिंकला 'प्रिझर्व्ह फॉरमॅटिंग आफ्टर अपडेट' ची खूण करा. हा पर्याय इन्फोच्या पानावर उजवीकडे अगदी खाली असतो आणि फाइलमध्ये एक तरी लिंक असेल तरच दिसतो.

तिसरा प्रकार लोक विसरतात: 'अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट'. पहिल्या पानावरच्या पत्रात 'एकूण रक्कम रुपये अमुक' असं वाक्य असतं, तिथला आकडा असा जोडायचा. एकच सेल कॉपी, पेस्ट लिंक, हा प्रकार. आकडा वाक्यातल्या बाकी अक्षरांसारखाच दिसतो. एक काळजी घ्या, एक्सेलमध्ये तो कॉलम अरुंद असेल आणि सेलमध्ये #### दिसत असेल तर पत्रातही #### च छापून जाईल. वर्ड सेलमध्ये जे दिसतं तेच उचलतं.

स्वल्पविरामाचंही तसंच. १२,३४,५६७ असं दिसायला हवं तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) हवं. एखाद्या मशीनवर अमेरिकन सेटिंग राहिलं असेल आणि तिथे लिंक अपडेट केली तर तोच आकडा १,२३४,५६७ होऊन बसतो. चारही मशीन एकदा बघून घ्या.

पुढचं, नाव देणं. हे टाळू नका. साधी पेस्ट लिंक केली की वर्ड 'अमुक शीट, पहिल्या ओळीपासून ५४ व्या ओळीपर्यंत' असा पत्ता लक्षात ठेवतं. वर्ड बंद असताना एक्सेलमध्ये तुम्ही तीन ओळी घातल्या की पत्ता तोच राहतो आणि शेवटच्या तीन ओळी, म्हणजे नेमकी एकूण रक्कम आणि १८ टक्के जीएसटीच्या ओळी, कोटेशनमधून गायब होतात. शीटचं नाव बदललं तर लिंकच तुटते.

म्हणून एक्सेलमध्ये पूर्ण तक्ता निवडा, डावीकडे वर जिथे सेलचा पत्ता दिसतो त्या चौकटीत एक नाव टाइप करा, जागा न सोडता, आणि एंटर दाबा. समजा नाव दिलं 'दरपत्रक'. मग वर्डमध्ये एडिट लिंक्स, चेंज सोर्स, तिथे 'आयटम' असं बटण आहे, त्यात पत्त्याऐवजी हे नाव घाला. नाव दिलेल्या भागाच्या मधे ओळ घातली की नावाची हद्द आपोआप वाढते. शेवटच्या ओळीखाली घातली तर वाढत नाही. यासाठी एकूणच्या ओळीच्या वर एक बारीक, रिकामी ओळ कायम ठेवा, बेरजेच्या सूत्रात ती रिकामी ओळही धरा, आणि नवीन आयटम नेहमी तिच्या वर घाला. मग बेरीजही चुकत नाही आणि लिंकही.

झेड आणि वायचा गोंधळ: वर्डमध्ये ऑल्ट-एफ९ दाबा. तक्त्यांच्या जागी महिरपी कंसात लिंकचा मजकूर दिसेल, त्यात फाइलचा पूर्ण पत्ता असतो. तिथे झेड लिहिलेलं असेल तर वाय असलेल्या मशीनला ते कळणार कसं? एकतर चौथ्या मशीनवरही झेड करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. किंवा त्याहून पक्कं, ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पत्ता घाला, शेअर असलेल्या पीसीचं नाव आणि फोल्डर. तो चारही मशीनवर एकच असतो.

---

पत्राकाम_वागळे

एम्बेडिंग्ज फोल्डर बघितलं. सात वर्कबुकं निघाली, त्यात खरेदीची शीट आहे. आजपासून वर्ड फाइल बाहेर पाठवणं बंद.

पुढचा प्रश्न. प्रत्येक पार्टीसाठी एक फोल्डर असतं, त्यात एक वर्ड आणि एक एक्सेल. नवीन कोटेशन करताना जुनं फोल्डर कॉपी करून नाव बदलायचं, अशी पद्धत आहे. लिंक असताना ही पद्धत चालेल का?

---

कोपरी_मॅक्रो

जशीच्या तशी नाही चालणार, आणि चुकलं तर चूक नजरेला पडणार नाही. फोल्डर कॉपी केलं की वर्डची नवी प्रत जुन्याच फोल्डरमधल्या एक्सेलकडे बघत राहते, कारण लिंकमध्ये पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तुम्ही नव्या फोल्डरातल्या एक्सेलमध्ये नवे आकडे भरता, वर्ड अपडेट करता, अपडेट होतंही, कुठलीच तक्रार येत नाही, पण आकडे जुन्या पार्टीचे येतात. लिंक तुटली असती तर निदान दिसलं तरी असतं.

फोल्डर कॉपी केल्यावर लगेच, आकडे भरण्याआधी, हे करा:

नवी वर्ड फाइल उघडा. लिंक अपडेट करू का असं विचारेल, नाही म्हणा. ऑल्ट-एफ९ दाबा. कंट्रोल-एच दाबून शोधा-बदला उघडा. 'शोधा' मध्ये जुन्या फोल्डरचं नाव, 'बदला' मध्ये नव्याचं, मग रिप्लेस ऑल. लक्षात ठेवा, लिंकच्या मजकुरात पत्त्यातली प्रत्येक तिरकी रेघ दोनदा लिहिलेली असते. पूर्ण पत्ता बदलत असाल तर दोनदाच लिहा, फक्त फोल्डरचं नाव बदलत असाल तर प्रश्न येत नाही. एक्सेलच्या फाइलचं नाव सगळ्या फोल्डरांत एकच ठेवा, 'हिशोब' वगैरे, म्हणजे बदलायला एकच शब्द उरतो. परत ऑल्ट-एफ९, मग कंट्रोल-ए आणि एफ९, म्हणजे सगळ्या लिंका अपडेट होतात.

इथे दोन खड्डे आहेत. कंट्रोल-ए मध्ये हेडर, फुटर आणि टेक्स्ट बॉक्स येत नाहीत. कोटेशन नंबर किंवा पार्टीचं नाव हेडरमध्ये लिंक केलं असेल तर तिथे आत जाऊन वेगळं एफ९ दाबावं लागतं. दुसरं, तक्त्याच्या ऑब्जेक्टला 'मजकुराच्या ओळीत' सोडून दुसरं काही, म्हणजे स्क्वेअर किंवा मजकुराच्या पुढे-मागे असं रॅपिंग दिलं असेल, तर तो तरंगता ऑब्जेक्ट होतो. ऑल्ट-एफ९ मध्ये त्याचा पत्ता दिसतच नाही आणि शोधा-बदला त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून सगळे ऑब्जेक्ट 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवा. बाजूला मजकूर हवाच असेल तर दोन कॉलमचा बिनरेघी तक्ता करून ऑब्जेक्ट त्याच्या एका घरात ठेवा.

महिन्याला २०-२५ कोटेशनं होत असतील तर छोटा मॅक्रो लिहून घ्या. दस्तऐवजातल्या प्रत्येक फील्डवरून (ऑल्ट-एफ९ ने महिरपी कंसात दिसतात ती) फिरायचं, ते लिंक प्रकारचं आहे का बघायचं, असेल तर त्याच्या लिंकफॉरमॅटमधलं सोर्सफुलनेम बदलून वर्ड फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरचा पत्ता आणि पुढे 'हिशोब' घालायचं. दहाएक ओळींचं काम. तो मॅक्रो चालवण्याआधी ती एक्सेल फाइल उघडून ठेवा. बंद असेल तर वर्ड प्रत्येक लिंकसाठी ती उघडत बसतं आणि सात लिंकांना बराच वेळ जातो. हे रोजच्या अपडेटलाही लागू आहे: आधी एक्सेल उघडा, मग वर्ड.

आता ती अडकणारी चौकट. ती येते तेव्हा एक्सेल कशाची तरी वाट बघत असतं आणि बहुतेक वेळा ते कारण पडद्यामागे लपलेलं असतं. या क्रमाने बघा.

एक्सेलच्या एखाद्या सेलमध्ये कर्सर लुकलुकतोय का? सेल एडिट होत असताना एक्सेल बाहेरचं कुठलंच काम घेत नाही. एस्केप दाबा, सुटेल. निम्म्या वेळा हेच असतं.

मागे एखादी चौकट उघडी आहे का? ऑल्ट-टॅब करून सगळ्या खिडक्या बघा. शेअर फोल्डरमधली एक्सेल फाइल दुसऱ्या मशीनवर उघडी असेल तर 'फाइल वापरात आहे, फक्त वाचायला उघडू का' असं विचारणारी चौकट मागे दडलेली असू शकते. तुमच्या मांडणीत चार मशीन एकाच फाइलवर आहेत, म्हणून माझा पहिला संशय इथेच.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये एक्सेलच्या किती प्रक्रिया चालू आहेत? खिडकी एकच दिसते आणि प्रक्रिया दोन-तीन असतील तर आधी सगळं सेव्ह करा, एक्सेल बंद करा, उरलेल्या प्रक्रिया तिथून संपवा. मॅक्रोने लपवून उघडलेलं एक्सेल क्विट न करता सोडलं तर असं भूत मागे राहतं. मॅक्रो लिहिणाऱ्याने चूक झाली तरी क्विटपर्यंत पोचेल अशी वाट ठेवायलाच हवी.

हे तिन्ही नसेल तर एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, खाली जनरल, तिथे 'डीडीई वापरणाऱ्या इतर प्रोग्रॅमकडे दुर्लक्ष करा' या अर्थाची खूण करून बघा. डीडीई हा १९८७ च्या विंडोज २ पासूनचा दोन प्रोग्रॅममधला निरोप्या आहे, ओएलईच्या आधीचा. फाइलवर डबल क्लिक केल्यावर ती एक्सेलमध्ये उघडायला काही ठिकाणी अजून तोच लागतो, म्हणून तशी फाइल उघडेनाशी झाली तर खूण परत काढा. शेवटचा उपाय म्हणजे ॲड-इन एकेक करून बंद करून बघणं.

लॅपटॉपबद्दल. साइटवर नेण्याआधी ऑफिसमध्येच अपडेट करा, मग सगळं निवडून कंट्रोल-एफ११ दाबा. लिंका कुलूपबंद होतात, शेवटचे आकडे तसेच राहतात. परत आल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ११ ने कुलूप काढा. तळोज्यात बसून लिंक अपडेट करायला जाऊ नका, शेअर फोल्डर सापडणार नाही आणि आकड्यांच्या जागी चूक झाल्याचा संदेश छापला जाईल.

आणि कोटेशन बाहेर गेलं की त्याच दिवशी दोन प्रती करा. एक पीडीएफ, पार्टीला जाते ती. दुसरी वर्डची, तिच्यात कंट्रोल-ए, कंट्रोल-शिफ्ट-एफ९. याने लिंका कायमच्या तुटून साधा मजकूर उरतो. हेडरमध्ये वेगळं करा. ही प्रत जपून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी पार्टी जुन्या कोटेशनवर ऑर्डर द्यायला येते, तुम्ही फाइल उघडता, 'अपडेट' ला हो म्हणता, आणि पडद्यावर आजचे दर. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डच्या जनरल भागातली 'उघडताना लिंक आपोआप अपडेट करा' ची खूण आणि डिस्प्लेमधली 'छापण्याआधी जोडलेला डेटा अपडेट करा' ची खूण, दोन्ही चारही मशीनवर काढून टाका. दुसरी विशेषतः. ती असेल तर पडद्यावर एक आकडा आणि कागदावर दुसरा.

---

नेरुळ_कॅड

ड्रॉइंगबद्दल मी लिहिते. ऑटोकॅडमधून कंट्रोल-सी करून वर्डमध्ये पेस्ट केलं की तीही ओएलई वस्तूच होते. पार्टीकडे ऑटोकॅड असेल तर डबल क्लिक केल्यावर ड्रॉइंग खऱ्या मापात, बदलता येईल अशी उघडते. पॅनलची बेंड रेघ, कटआउट, सगळं आयतं. वरच्या एक्सेलच्या प्रकरणात आणि यात काही फरक नाही. इन्सर्ट, ऑब्जेक्ट मधून फाइल घातली असेल तर अख्खी डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल, आत आहे.

शिवाय दिसायलाही ते वाईटच दिसतं. मॉडेल स्पेसची (ऑटोकॅडमध्ये मूळ ड्रॉइंग काढतात तिथली) काळी पार्श्वभूमी सोबत येते आणि पडद्यावरची सगळी रिकामी जागाही.

कोटेशनसाठी ड्रॉइंग चित्र म्हणून जोडा, पण जोडलेलं चित्र, म्हणजे ड्रॉइंग बदलली की कोटेशनमध्ये बदलेल. पद्धत अशी.

आधी वेगळा लेआउट, म्हणजे ऑटोकॅडमधला छापायचा कागद, करा. लोक एथ्रीची ड्रॉइंग तशीच वर्डमध्ये लहान करून टाकतात. हिशोब करून बघा: एथ्री आडवा म्हणजे ४२० मिमी रुंद, वर्डमध्ये समासांमधली जागा १७० मिमी धरली तर ड्रॉइंग ०.४ पट होते. एथ्रीवर २.५ मिमी उंचीची मापाची अक्षरं १ मिमीची होतात. कागदावर वाचता येत नाहीत, आणि पार्टी फोन करून माप विचारते. म्हणून कोटेशनसाठी १७० बाय ११० मिमीचा लेआउट करा, त्यात व्ह्यूपोर्ट (ड्रॉइंग दाखवणारी खिडकी), आणि अक्षरं त्या कागदावर २.५ मिमी. त्यात फक्त बाहेरची मापं, दरवाजाची बाजू, ग्लँड प्लेटची (केबल आत घेण्याच्या पट्टीची) जागा एवढंच ठेवा. बेंड अलाउन्स (पत्रा वाकवताना धरायची लांबी) आणि भोकांची मापं कोटेशनमध्ये कशाला?

प्लॉट करताना प्रिंटर म्हणून पीएनजीचा पीसीथ्री (ऑटोकॅडची प्लॉटर-सेटिंगची फाइल) निवडा, तो ऑटोकॅडसोबतच येतो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये स्वतःचा कागद बनवा, पिक्सेलमध्ये. १७० मिमी, ३०० डीपीआय म्हणजे साधारण २,००० पिक्सेल रुंद, उंची १,३०० च्या आसपास. प्लॉट स्टाइल मोनोक्रोम, नाहीतर पिवळ्या लेयरच्या रेघा पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. फाइल पार्टीच्या फोल्डरमध्येच ठेवा, दर वेळी त्याच नावाने.

वर्डमध्ये इन्सर्ट, पिक्चर्स, फाइल निवडली की इन्सर्ट बटणाच्या बाजूचा छोटा बाण दाबा. तीन पर्याय येतात. 'इन्सर्ट अँड लिंक' घ्या: चित्र फाइलमध्येही राहतं आणि जोडलेलंही. नुसतं 'लिंक टू फाइल' घेतलं तर साइटवरच्या लॅपटॉपवर चित्राच्या जागी लाल फुली दिसेल. ड्रॉइंग बदलली की परत त्याच नावाने प्लॉट, वर्डमध्ये एफ९. यालाही पत्ता असतोच, फोल्डर कॉपी केलं की एडिट लिंक्स, चेंज सोर्स मधून तोही बदला.

वर्ड चित्रं आपल्या मनाने दाबून लहान करतं. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, 'इमेज साइझ अँड क्वालिटी' मध्ये 'चित्रं कॉम्प्रेस करू नका' ची खूण करा. ही खूण त्या त्या फाइलपुरती असते, म्हणून मूळ नमुन्याच्या फाइलमध्येच करून ठेवा. रेघांचं काळं-पांढरं पीएनजी फार जड नसतं, आकाराची काळजी करू नका.

आता उलट दिशा. तुमच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मटेरियलची यादी असणार, १.६ एमएम पत्रा, गॅस्केट, कुलूप, हिंजेस. तीही हाताने टाइप करत असाल तर थांबवा. ऑटोकॅडमध्ये डेटालिंक कमांड द्या, नवी एक्सेल लिंक, 'हिशोब' फाइल निवडा. पाथ टाइपमध्ये 'रिलेटिव्ह' घ्या. वर्डला जे जमत नाही ते इथे जमतं: फोल्डर कॉपी केलं तरी ड्रॉइंग आपल्याच फोल्डरातल्या एक्सेलकडे बघते. रेंजमध्ये सेलचे पत्ते न देता नाव दिलेली रेंज निवडा. मग टेबल कमांड, 'फ्रॉम अ डेटा लिंक'. एक्सेल बदललं की डेटालिंकअपडेट. एक्सेलमध्ये आधी सेव्ह करायला विसरू नका.

त्या लिंकच्या खालच्या पर्यायांमध्ये 'सोर्स फाइलमध्ये लिहायला परवानगी' अशी खूण असते. ती काढून ठेवा. ड्रॉइंगवाल्याने टेबलमध्ये गंमत म्हणून नग बदलला आणि तो दरपत्रकात उतरला, असं व्हायला नको. नगांचा धनी एकच, एक्सेल.

जुन्या ड्रॉइंगांमध्ये एक्सेलचा तक्ता ओएलई म्हणून पेस्ट केलेला असेल आणि त्याच्याभोवती नको असलेली चौकट छापली जात असेल, तर ओएलईफ्रेम हे व्हेरिएबल २ करा, पडद्यावर दिसेल पण छापणार नाही. ० केलं तर दिसतही नाही आणि निवडताही येत नाही.

---

कळवा_डीटीपी

फॉन्टबद्दल कुणी लिहिलेलं नाही, आणि सरकारी पार्टीला मराठी कोटेशन जात असेल तर हे लागेलच. एक्सेलमध्ये आयटमची नावं जुन्या श्रीलिपी किंवा तशाच बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतील तर ती आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त फॉन्टमुळे मराठी दिसतात. ती 'अनफॉरमॅटेड' म्हणून किंवा वर्डची स्टाइल घेऊन जोडली की फॉन्ट सुटतो आणि कोटेशनमध्ये चिन्हांची रांगोळी उरते. 'मूळ फॉरमॅटिंग ठेवा' ने पडद्यावर सुटेल, पण ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे परत तेच. शुक्रवारी सगळी नावं एकदा युनिकोडमध्ये आणून टाका. विंडोजमध्ये निर्मला यूआय आहे, त्यावर भागतं.

युनिकोड केल्यावर वर्डमध्ये एक घोटाळा दिसेल: आकार १२ केला तरी मराठी अक्षरं बदलत नाहीत. कारण वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' मध्ये धरतं, त्याचा फॉन्ट आणि आकार वेगळा असतो. कंट्रोल-डी दाबा, खालच्या भागात कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा फॉन्ट आणि साइझ द्या. हे प्रत्येक तक्त्याला न करता स्टाइलमध्येच करा, म्हणजे लिंक अपडेट झाल्यावर परत परत करावं लागत नाही.

---

पत्राकाम_वागळे

फार उपयोग झाला. नमुन्याचं फोल्डर तयार केलं. सातही तक्ते 'फॉरमॅटेड टेक्स्ट' लिंक, रेंजला नावं, पत्ता नेटवर्कचा. फाइल १.९ एमबी झाली आणि ५४ ओळी तीन पानांवर नीट वाहतात. चौकट अडकण्याचं कारणही सापडलं, दुसऱ्या मशीनवर उघडी फाइल.

उरलेले दोन प्रश्न. अक्षरी रक्कम वर्डकडून लिहून घेता येते असं वाचलं, पण साडेसात लाखाच्या रकमेला इंग्रजी हजाराचा हिशोब येतो. आणि पार्टीचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर टॅलीमध्ये आहे, तो पुन्हा टाइप करावा लागतो.

---

ऐरोली_तक्ते

अक्षरी रकमेसाठी वर्डचा स्विच (आकडा शब्दांत लिहायची फील्डमधली सूचना) सोडून द्या. तो ९,९९,९९९ पर्यंतच चालतो आणि त्याला लाख-कोटी माहीतच नाही. साडेसात लाखाला 'सेव्हन हंड्रेड फिफ्टी थाउजंड' लिहितो. एक्सेलमध्येही आयतं फंक्शन नाही. स्वतःचं फंक्शन लिहून घ्यावं लागतं: आकडा कोटी, लाख, हजार, शंभर आणि उरलेले दोन अंक असा फोडायचा, दोन अंकांसाठी शंभर शब्दांची यादी. मराठीत ती पूर्ण शंभराची यादीच लागते, इंग्रजीसारखं वीस अधिक एक करून चालत नाही.

व्हीबीएच्या (मॅक्रो लिहायच्या भाषेच्या) एडिटरमध्ये थेट देवनागरी टाइप केली की बहुतेक मशीनवर प्रश्नचिन्हं येतात. म्हणून शब्दांची यादी कोडमध्ये न ठेवता एका शीटवर ० ते ९९ अशी मांडा आणि फंक्शनने तिथून उचलावं. फंक्शन 'हिशोब' फाइलमध्येच ठेवा, पर्सनल मॅक्रो वर्कबुकमध्ये नको, नाहीतर बाकी तीन मशीनवर सेलमध्ये नाव ओळखत नसल्याची चूक दिसेल. फाइल मॅक्रोवाल्या प्रकारात सेव्ह करावी लागेल, म्हणजे तिच्या नावाचा शेवट बदलेल. वर्डच्या लिंकांमध्ये फाइलचं नाव आणि लिंकच्या सुरुवातीचा एक्सेलचा प्रकार, दोन्ही बदलायचे. हाताने बदलण्यापेक्षा नमुन्याच्या फाइलमध्ये सातही लिंका नव्याने पेस्ट करणं सोपं जाईल. अक्षरी रकमेच्या सेललाही नाव द्या आणि पत्रात युनिकोड टेक्स्ट म्हणून जोडा.

टॅलीसाठी: टॅलीप्राइममध्ये एफ१, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी. ओडीबीसी (दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा देण्याची सोय) चालू करा, पोर्ट ९००० असतो. एक्सेलमध्ये डेटा, गेट डेटा, इतर सोर्स, ओडीबीसी, आणि यादीतून टॅलीचा. टॅली त्या वेळी चालू हवी आणि हवी ती कंपनी उघडलेली हवी, दोन कंपन्या असतील तर हे आधी बघा. यादीत टॅलीचं नावच दिसत नसेल तर ऑफिस ३२ बिटचं आणि टॅलीचा ड्रायव्हर ६४ बिटचा, किंवा उलट, असं असतं. एक्सेलच्या फाइल, अकाउंट, अबाउट मध्ये किती बिट ते लिहिलेलं असतं. २०१६ वाल्या दोन मशीनवर हे आधी तपासा, त्या काळात ३२ बिट हेच आपोआप बसायचं.

लेजरची (पार्ट्यांच्या खात्यांची) यादी एका वेगळ्या शीटवर उतरवा, हिशोबाच्या शीटवर पार्टीचं नाव ड्रॉपडाउनने निवडा आणि पत्ता, जीएसटी नंबर लुकअपने घ्या. ती लेजरची शीट 'हिशोब' फाइलमध्ये न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्यात सगळ्या पार्ट्यांची येणी-देणी येऊ शकतात, क्वेरीमध्ये फक्त नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर एवढेच कॉलम घ्या.